ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: 957 किलोमीटर, पावणेदोन तास आणि मधली पासपोर्टची रांग

विमानतळांमधलं अंतर काढून देणाऱ्या संकेतस्थळावर ट्रॉम्सो आणि लाँगइयरब्येन ही दोन नावं टाकली की उत्तर येतं: 957 किलोमीटर, साधारण 1 तास 40 मिनिटं. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण तेवढ्यावर विसंबून दिवस आखला, तर ट्रॉम्सोच्या विमानतळावर धावपळ ठरलेली. हवेतला वेळ हा या प्रवासाचा सगळ्यात बिनघोर भाग आहे. खरी परीक्षा त्याच्या आधी होते, आणि हवामान फिरलं तर त्याच्या नंतरही.

ट्रॉम्सो हे उत्तर नॉर्वेतलं शहर, 69.7 अंश उत्तर अक्षांशावर. लाँगइयरब्येन ही स्वालबार्ड द्वीपसमूहातली मुख्य वस्ती, 78.2 अंशांवर. तिथून उत्तर ध्रुव जेमतेम 1,310 किलोमीटर राहतो. सर्वांसाठी खुली अशी नियमित प्रवासी विमानं जातात त्या विमानतळांमध्ये याच्याही उत्तरेला जगात दुसरा नाही. सेवा म्हणून या मार्गाला पाचपैकी चार तारे द्यायला हरकत नाही. पाचवा का नाही, ते पुढे येईलच.

आधी अंतराचं बघू, कारण तिथेच बरेच जण गोंधळतात. एका ठिकाणी 957 दिसतं, दुसरीकडे 961. चूक कोणाचीच नाही. पृथ्वी चेंडूसारखी गोल धरली तर 957 येतात. पण ती ध्रुवांपाशी जराशी चपटी आहे आणि त्यामुळे या भागात अक्षांशाचा एक अंश 111.2 ऐवजी 111.6 किलोमीटरचा भरतो. तो हिशोब धरला की 961. पडताळा कागदावरही घेता येतो. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत 8.56 अंशांचा फरक आहे, म्हणजे सुमारे 955 किलोमीटर. रेखांशांत 3.45 अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर एवढ्या फरकाचे 384 किलोमीटर झाले असते, इथे मात्र रेखावृत्तं इतकी जवळ आलेली असतात की जेमतेम 106 उरतात. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करून वर्गमूळ काढा, 961 च्या आसपासच पोचाल. विमान जवळपास नाकासमोर उत्तरेला जातं, किंचित पश्चिमेकडे झुकून.

नकाशावर बोट ठेवून अंदाज बांधायला मात्र जाऊ नका. फोनवरच्या नेहमीच्या नकाशात ध्रुवाकडचा प्रदेश ताणलेला असतो. झूम तोच ठेवला तरी महाराष्ट्रातले 100 किलोमीटर जेवढ्या लांबीचे दिसतात, त्याच्या साडेचार पटींहून जास्त लांबीचे स्वालबार्डमधले 100 किलोमीटर दिसतात. म्हणून नकाशा पाहणाऱ्याला वाटतं की हे अंतर म्हणजे मुंबई ते मॉस्को असणार. प्रत्यक्षात ते मुंबई–बेंगळुरूपेक्षा थोडं जास्त आणि मुंबई–चेन्नईपेक्षा थोडं कमी आहे. काही संकेतस्थळं याच जोडीला गाडीने लागणारा वेळही दाखवतात, ती करमणूक समजावी. मध्ये बॅरेंट्स समुद्र आहे. 15 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 28 किलोमीटर वेगाचं जहाज कुठेही न थांबता गेलं तरी त्याला दीड दिवस लागेल.

आता वेळ. बहुतेक संकेतस्थळांचं सूत्र एकच: अंतराला 800 ने भागा आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवा. 957 भागिले 800 म्हणजे 1 तास 12 मिनिटं, अधिक 30, झाले 1 तास 42. वेळापत्रकातही साधारण एवढाच वेळ असतो. बोईंग 737 किंवा एअरबस ए320 या जातीच्या विमानाला वर चढायला सुमारे 20 मिनिटं लागतात, सरळ उड्डाणाला 40 आणि उतरायला 20 ते 25. उरलेली मिनिटं दोन्ही टोकांना जमिनीवर रांगण्यात जातात. समोरून 50 नॉटचा वारा असला तरी फरक पडतो तो पाच-सात मिनिटांचाच, कारण सरळ उड्डाणाचा टप्पाच लहान आहे. हिवाळ्यात ट्रॉम्सोला पंखांवरचं बर्फ काढायला द्रव फवारतात, त्यात 10 ते 15 मिनिटं जातात. आपल्या आधी दोन विमानं त्याच कामासाठी उभी असली तर त्याहून जास्त. हा वेळ त्या 1 तास 40 मध्ये पूर्ण धरलेला नसतो.

दोन्ही टोकांना घड्याळ एकच आहे. त्यामुळे तिकिटावरची पोचण्याची वेळ वजा सुटण्याची वेळ हाच खरा प्रवासाचा वेळ. भारताच्या घड्याळापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन.

कापला गेलेला तारा आहे तो ट्रॉम्सोच्या पासपोर्ट तपासणीचा. स्वालबार्डवर नॉर्वेचं सार्वभौमत्व आहे, पण 1920 च्या करारामुळे त्याची व्यवस्था वेगळी आहे आणि ते शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर येतं. म्हणजे ट्रॉम्सोहून लाँगइयरब्येनला निघालेला माणूस देशांतर्गत तिकिटाच्या थाटात निघतो, पण कागदोपत्री शेंगेन सोडून बाहेर पडतो. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे तेच विमान पुढे जाणार असलं, तरी सगळ्यांना हातातल्या सामानासह खाली उतरावं लागतं. मग पासपोर्ट तपासणीतून जायचं आणि परत त्याच विमानात, बहुधा त्याच आसनावर येऊन बसायचं. आसनावर जॅकेट ठेवून उतरण्याचा मोह टाळा. बाहेर उणे दहा असू शकतं, आणि शिवाय साफसफाई करणाऱ्यांना बेवारस वस्तू आवडत नाहीत.

रांगेचा हिशोब साधा आहे. विमानात 180 माणसं, समजा चार खिडक्या उघड्या आणि माणशी एक मिनिट, तर शेवटच्या माणसाला 45 मिनिटं लागणार. नॉर्वेजियन आणि इतर युरोपीय लोक भराभर पुढे सरकतात. आपला पासपोर्ट मात्र पानं उलटून पाहिला जातो, व्हिसाच्या तारखा वाचल्या जातात. त्यात ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमांवर बाहेरच्या नागरिकांचे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचं छायाचित्र नोंदवायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे. त्यामुळे पहिल्या नोंदणीला वेळ लागतो. विमानातून उतरताना पुढच्या आसनांवरचे लोक आधी रांगेत पोचतात, हे उघड आहे. आसन निवडायला पैसे मोजायचेच असतील तर या मार्गावर खिडकीपेक्षा पुढची ओळ जास्त उपयोगाची.

व्हिसाबद्दल एकच गोष्ट, पण ती चुकली तर सगळी सहल बुडते. भारतीय पासपोर्टधारकाला स्वालबार्डसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पण तिथे जायचा रस्ता नॉर्वेतून आहे. ऑस्लोला उतरलात की पहिला प्रवेश झाला. ट्रॉम्सोला बाहेर पडलात, आणि परतताना मुख्य भूमीवर पाय ठेवलात की दुसरा प्रवेश. म्हणून शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. एका प्रवेशाचा व्हिसा घेऊन निघालेला माणूस ट्रॉम्सोच्या काउंटरवरच अडवला जाऊ शकतो, आणि अडवला गेला तर नशीबवानच म्हणायचा. स्वालबार्डला पोचून मग परतीचा प्रवेश शिल्लक नाही हे कळणं त्याहून वाईट. अर्जात 'प्रवेशांची संख्या' या रकान्यात दोन किंवा अनेक असं लिहा आणि लाँगइयरब्येनचं बुकिंग जोडा, म्हणजे कारण समोर दिसेल. व्हिसाचे दिवस मागताना परतीच्या तारखेनंतर चार-पाच दिवस मोकळे ठेवा. हवामानामुळे विमान दोन दिवस लटकलं तर व्हिसाची मुदत आपल्यासाठी थांबत नाही.

ट्रॉम्सोला वेगळ्या तिकिटावर पोचणार असाल, म्हणजे ऑस्लो–ट्रॉम्सो एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं, तर मध्ये किमान अडीच तास ठेवा. बॅग घ्यायची, पुन्हा चेक-इन करायची, सुरक्षा तपासणी आणि वर पासपोर्ट. एकाच तिकिटावर असाल तर बॅग सहसा शेवटपर्यंत जाते. तरी काउंटरवर चिठ्ठी हातात आली की तीन अक्षरं वाचा: एलवायआर असेल तर लाँगइयरब्येन, टीओएस असेल तर ट्रॉम्सोला पट्ट्यावर उभं राहायचं आहे. परतीच्या प्रवासात हा प्रश्न आवर्जून विचारा, कारण स्वालबार्ड नॉर्वेच्या सीमाशुल्क हद्दीबाहेर आहे आणि मुख्य भूमीवर आल्यावर कस्टम्स असतं. तिकडून येताना स्वस्त मिळालेली बाटली मोजूनच आणावी.

आता हवामान. इथे सेवेची खरी पारख होते आणि इथेच ती उत्तीर्ण होते, भले प्रवाशाला तसं वाटो न वाटो. नेहमीच्या मार्गावर ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर शेजारचा विमानतळ असतो. पुण्याला उतरता आलं नाही तर मुंबई आहे. लाँगइयरब्येनला शेजार नाही. बेटावरची दुसरी वापरातली धावपट्टी नी-ऑलेसुंड या संशोधकांच्या वस्तीची, 808 मीटर लांब आणि खडीची, तिथे जेट उतरत नाही. वाटेत ब्यॉर्नोया बेट लागतं, पण तिथे हवामान केंद्र आहे, धावपट्टी नाही. म्हणून ट्रॉम्सोहून निघालेलं विमान जायला पुरेल एवढं इंधन घेतंच, शिवाय तिथे घिरट्या घालून मुख्य भूमीवर परत यायला पुरेल एवढंही घेतं. साडेनऊशे किलोमीटरच्या प्रवासाला दोन हजार किलोमीटरची तयारी. त्याचं वजन कुठून तरी भरून काढावं लागतं, आणि एखाद दिवशी ते मालाच्या किंवा बॅगांच्या वाट्यातून जातं. बॅग दुसऱ्या दिवशी आली तर त्यामागे हे कारण असू शकतं. म्हणून औषधं, चार्जर आणि एक जोडी गरम अंतर्वस्त्रं हातातल्या सामानातच ठेवा.

उन्हाळ्यात त्रास धुक्याचा. समुद्राचं पाणी थंड, त्यावर जरा उबदार दमट हवा सरकली की राखाडी चादर पसरते आणि कधीकधी नेमकी फ्योर्डच्या (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या खाडीच्या) तोंडाशी, म्हणजे धावपट्टीच्याच बाजूला बसते. गावात लख्ख ऊन आणि विमानतळावर काही दिसत नाही, असंही होतं. हिवाळ्यात त्रास वाऱ्याचा आणि उडत्या बर्फाचा. अशा दिवशी वैमानिक येऊन, थोडा वेळ घिरट्या घालून परत ट्रॉम्सोला फिरतो. हिशोब करा: जाताना दीड तास, वर अर्धा तास, परत दीड तास. साडेतीन तासांनी तुम्ही निघालात तिथेच असता. याला गैरसोय म्हणा, बेफिकिरी म्हणू नका. 29 ऑगस्ट 1996 रोजी रशियाच्या व्नुकोवो एअरलाइन्सचं तुपोलेव्ह-154 इथे पूर्वेकडून उतरायच्या तयारीत असताना ऑपेरा डोंगरावर आदळलं, 141 जण गेले. विमानतळ डोंगरांच्या कुशीत आहे, आणि पूर्वेकडची वाट दरीतून येते. त्या वाटेवर घाई करणारा वैमानिक कोणालाच नको.

या सगळ्यातून निघणारा व्यवहार असा: लाँगइयरब्येनहून निघायचा दिवस आणि युरोपातून भारताकडे निघायचा दिवस यांत किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. जहाजाची सफर ठरलेली असेल तर सुटण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी पोचा. जहाज थांबत नाही.

विमानाच्या आतलं सांगण्यासारखं फार नाही. दोन कंपन्या लाँगइयरब्येनला नियमित सेवा देतात, एसएएस आणि नॉर्वेजियन. आसनं नेहमीची तीन-तीनची, खाणं विकत. सर्वांत स्वस्त तिकिटात चेक-इन बॅग धरलेली नसते, आणि आर्क्टिकच्या कपड्यांसह हातातल्या बॅगेवर भागवणं अवघड. आधी मिळवलेली बॅग विमानतळावर मिळवलेल्या बॅगेपेक्षा स्वस्त पडते. तिकिटात पर्यावरण शुल्क आधीच मिसळलेलं असतं, वेगळं भरावं लागत नाही. खिडकीच मिळाली तर जाताना उजवी घ्या. साधारण निम्म्या वाटेवर, स्वच्छ हवा असेल तर, ब्यॉर्नोया उजव्या हाताला पंचेचाळीसेक किलोमीटरवर दिसतं. त्यानंतर स्पिट्सबर्गनचं, म्हणजे लाँगइयरब्येन ज्या बेटावर आहे त्याचं, दक्षिण टोक आणि बर्फाखालून वर आलेली टोकदार शिखरं दोन्ही बाजूंना. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मात्र लाँगइयरब्येनला सूर्यच उगवत नाही, तेव्हा खिडकीसाठी जास्तीचे पैसे घालणं म्हणजे अंधारच विकत घेणं.

थेट ऑस्लोहून जावं की ट्रॉम्सोमार्गे? ऑस्लो–लाँगइयरब्येन सुमारे 2,015 किलोमीटर, तीन तास, आणि पासपोर्टचं काम ऑस्लोलाच एकदा उरकतं. मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे ऑस्लोला येणाऱ्याने थेट विमान मिळत असेल तर तेच घ्यावं. थोडे पैसे वाचतात म्हणून ट्रॉम्सोमार्गे जाणं पटत नाही. ट्रॉम्सोला दोन दिवस राहायचंच असेल तर गोष्ट वेगळी, मग रांग सकाळी ताज्या डोक्याने लागते. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, आणि परतीची काही विमानं अपरात्रीची असतात. हॉटेलच्या त्या रात्रीचे पैसे द्यायचे की विमानतळावर बसायचं, हे आधी ठरवा.

लाँगइयरब्येनचा विमानतळ 2 सप्टेंबर 1975 रोजी राजे ओलाव पाचवे यांनी सुरू केला. धावपट्टी जवळपास अडीच किलोमीटर, म्हणजे लांबीची चणचण नाही. अडचण जमिनीची आहे. धावपट्टी कायम गोठलेल्या मातीवर आहे, आणि वरचा थर उन्हाळ्यात वितळून हिवाळ्यात पुन्हा गोठतो तेव्हा जमीन कुठे फुगते, कुठे खचते. डांबर त्याप्रमाणे लाटा धरतं. उतरल्यावर होडीत बसल्यासारखे हलके हेलकावे जाणवले तर चाकात बिघाड नाही, ही मातीची करामत आहे. डागडुजी पुन्हा पुन्हा करावी लागते.

विमानातून शिडीने थेट उघड्यावर उतरायचं असतं, टर्मिनलपर्यंत चालत. टोपी आणि हातमोजे आसनाखालच्या पिशवीत ठेवा, वरच्या कप्प्यात नको. सामानाच्या पट्ट्यावर पेंढा भरलेलं ध्रुवीय अस्वल उभं आहे आणि सगळे त्याचे फोटो काढण्यात गुंग असतात. तेवढ्यात आपली बॅग घेऊन बाहेर पडलात तर बसमध्ये बसायला जागा मिळते. बस विमानाच्या वेळेला धरून येते आणि हॉटेलांच्या दाराशी सोडते, गाव पाचेक किलोमीटरवर. इथे सीमा तपासणी नाही, त्यामुळे दार उघडल्यापासून बसमध्ये बसेपर्यंत अर्धा तास पुरतो. ट्रॉम्सोच्या तुलनेत हे टोक सोपं.

या मार्गाकडे पर्यटकाच्याच नजरेने पाहिलं तर त्याचं मोल कळत नाही. लाँगइयरब्येनचं रुग्णालय लहान आहे आणि मोठा आजार असेल तर रुग्ण ट्रॉम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात विमानाने न्यावा लागतो. गरोदर बायका दिवस भरायच्या काही आठवडे आधीच मुख्य भूमीवर जातात. तिथल्या माणसासाठी 957 किलोमीटर म्हणजे मोठ्या दवाखान्याचं अंतर. विमा घेताना त्यात स्वालबार्डमधला बचाव आणि रुग्णाची हवाई वाहतूक आहे ना, ते शब्दन् शब्द वाचून घ्या. नुसतं 'नॉर्वे' लिहिलेलं पुरेल असं धरून चालू नका.

मराठी माणसांपैकी इथून आणखी पुढे जाणारेही आहेत. गोव्यात वास्को-द-गामा शहराच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत भारताची आर्क्टिक मोहीम चालते. तिचं ठाणं 'हिमाद्री', 1 जुलै 2008 पासून, नी-ऑलेसुंडला. डिसेंबर 2023 पासून तिथे हिवाळ्यातही माणसं राहू लागली. लाँगइयरब्येन ते नी-ऑलेसुंड हे अंतर फक्त 110 किलोमीटर, पण रस्ता नाही. तिथे वरचं सूत्र साफ फसतं: 110 भागिले 800, अधिक 30 मिनिटं, म्हणजे 38 मिनिटं. प्रत्यक्षात लागतात 20 ते 25. कारण हे जेट नव्हे, लुफ्टट्रान्सपोर्ट कंपनीचं डॉर्निअर 228 आहे, दोन पंख्यांचं, जास्तीत जास्त 19 आसनांच्या जातीचं. ते फार वर चढतच नाही, मग चढ-उताराचा अर्धा तास कशाला? हीच जात आपल्याकडे कानपूरला हिंदुस्तान एअरोनॉटिक्स बनवतं.

हे तिकीट संकेतस्थळावर मिळत नाही. वस्ती चालवणाऱ्या किंग्ज बे कंपनीमार्फत, संशोधनाच्या कामासाठी जाणाऱ्यांचीच जागा ठरते. सामान हातातल्या बॅगेसह 20 किलो. मुंबईहून 23 किलोची बॅग आणि वर खांद्यावर लॅपटॉप घेऊन आलेल्याचं गणित इथे चुकतं, म्हणून उपकरणं आधी जहाजाने पाठवलेली बरी. लाँगइयरब्येनला पोचल्याच्या दिवशीच पुढचं विमान धरायचा बेत करू नका. मोठं विमान उशिरा आलं तर छोटं थांबेलच असं नाही, आणि ते रोज उडत नाही.

आणि घरच्यांना पोचल्याचा निरोप लाँगइयरब्येनहूनच द्या. नी-ऑलेसुंडला पृथ्वीची मोजणी करणाऱ्या रेडिओ दुर्बिणी आहेत, त्यासाठी भोवतालच्या 20 किलोमीटरमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. विमानात बसताना फोन फ्लाइट मोडवर टाकला की उतरल्यावरही तो तसाच ठेवायचा. घड्याळ आणि हेडफोनचं ब्लूटूथ वेगळं बंद करा, ते हमखास विसरतं.